समुद्रकाठी पहारा कोणाचा?

गेल्या थंडीत घोड नदीच्या काठच्या एका गावातून सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ मुलासह माझ्या दवाखान्यात आले. “बाबांचे बीपी बघा, डॉक्टर. आठ दिवस झाले, झोप नाही, जेवण नाही,” मुलगा म्हणाला. रक्तदाब तपासला, तो त्यांच्या नेहमीच्या आकड्यापेक्षा थोडा अधिक होता, इतकेच. नाडी ठीक, साखर ठीक. मी मुलाला बाहेर बसायला सांगितले. दार लागताच आजोबांचे डोळे भरून आले. “डॉक्टर, उभ्या जन्मात पाण्याला कधी भ्यालो नाही. पन्नास वर्षे विहिरीत पोहलो. पण त्या दिवशी पाण्याने माझ्या पायाखालची जमीनच काढून घेतली. नातीचा हात सुटला.”

हकिगत अशी. हे कुटुंब एका दिवसासाठी अलिबागला गेले होते. आजोबा, आजी, मुलगा, सून आणि चार वर्षांची नात. नात गुडघाभर पाण्यात आजोबांचा हात धरून उभी होती. एक लाट आली, परत फिरली, आजोबांचा तोल गेला आणि ते बसकण मारून पडले. उठून पाहतात तो नात चार पावले आत. जवळच उभ्या असलेल्या एका घोडागाडीवाल्या तरुणाने धावत जाऊन तिला उचलले. पोरीच्या नाकातोंडात पाणी गेले होते, ती खोकली, रडली आणि वाचली. तासाभरात ती पुन्हा वाळूत खेळू लागली. आजोबा मात्र अजून त्या लाटेतच उभे होते.

मी सर्वांना आत बोलावले आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला, “त्या वेळी मुलीकडे लक्ष कोणाचे होते?” मुलगा म्हणाला, “बाबा होते ना.” सून म्हणाली, “मला वाटले, हे आहेत.” आजी म्हणाल्या, “सगळेच तर होतो आम्ही.” वाचकहो, या तिसऱ्या उत्तरात त्या अपघाताचे निदान आहे. आपल्याकडे म्हणतात, बारभाईची शेती, काय लागेल हाती. जिथे सगळ्यांचे लक्ष असते, तिथे नेमके लक्ष कोणाचेच नसते.

त्या कुटुंबाच्या परवानगीने आणि त्यांची ओळख उघड न करता हे लिहितो आहे. कारण सुटीचे दिवस आले की आपल्या जुन्नर-आंबेगाव भागातून समुद्राकडे गाड्या निघतात, आणि त्या गाड्यांत बहुधा तीन पिढ्या असतात. नातवंडांबरोबर समुद्र पाहणे हे औषधाच्या गोळीने मिळत नाही असे सुख आहे. ते टाळा, असे मी मुळीच सांगणार नाही. फक्त निघण्यापूर्वी घरात बसून एक गोष्ट ठरवा, एवढेच माझे सांगणे आहे.

विहिरीचे पाणी आणि समुद्राचे पाणी

जुन्नर आणि समुद्र यांचे नाते दोन हजार वर्षांचे आहे. सातवाहनांच्या काळात कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांत उतरलेला माल नाणेघाट चढून जुन्नरला येई. भीमाशंकरच्या नागफणीवर उभे राहिले की खाली कोकण पसरलेले दिसते. तरीही आपल्या नद्या समुद्राकडे पाठ करून वाहतात. कुकडी घोडला मिळते, घोड भीमेला, भीमा कृष्णेला, आणि आपल्या डोंगरावर पडलेला पाऊस अखेर बंगालच्या उपसागरात जातो. त्यामुळे आपले पाण्याचे ज्ञान हे विहिरीचे, कालव्याचे आणि धरणाचे ज्ञान आहे. पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलेली पिढी पाण्याला भीत नाही, आणि समुद्रावर नेमका हाच आत्मविश्वास धोक्याचा ठरतो.

विहिरीचे पाणी जागच्या जागी असते. समुद्राचे पाणी आधी ढकलते आणि मग ओढते. परत फिरणारी लाट आपल्या टाचांखालची वाळू उपसून नेते आणि उभ्या माणसाचा तोल मागच्या मागे जातो. आजोबा म्हणाले, “जमीनच काढून घेतली,” ते शब्दशः खरे होते. शिवाय किनाऱ्यावर चढलेले पाणी परतताना अनेकदा एखाद्या अरुंद वाटेने वेगाने आत जाते. अशा जागी लाटा कमी फुटतात, म्हणून ती जागा शांत दिसते, आणि नवखी माणसे मुलांना घेऊन तिथेच उतरतात. या ओढीत सापडल्यास किनाऱ्याच्या दिशेने सरळ झुंजू नये, शक्ती संपते. तरंगत राहावे, हात वर करून मदत मागावी आणि किनाऱ्याला समांतर सरकत ओढीतून बाहेर पडावे.

१ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरुडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला गेलेले १४ महाविद्यालयीन विद्यार्थी बुडाले. ते तरुण होते, दिवसाउजेडी गेले होते, बरोबर शिक्षक होते. ही आठवण भीती घालण्यासाठी काढलेली नाही. तरुण पायांनाही जे पाणी आवरले नाही, त्यात गुडघे दुखणाऱ्या आजोबांच्या एका हाताच्या भरवशावर चार वर्षांचे मूल उभे करू नये, एवढेच सांगायचे आहे.

आजोबांनी एकट्याने पहारा का करू नये

हा प्रश्न प्रेमाचा नाही. आजोबांइतके प्रेम कोणाचेच नसते. हा प्रश्न डोळे, कान, गुडघे आणि औषधे यांचा आहे.

मोतीबिंदू असेल, किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झालेली असेल, तर पाण्यावरून परावर्तित होणारा प्रकाश डोळे दिपवतो. दुहेरी भिंगाच्या चष्म्यातून खाली पाहताना पायाजवळची जमीन अस्पष्ट दिसते. लाटांच्या आवाजात कमी ऐकू येणाऱ्या माणसाला मुलाची हाक ऐकू येत नाही. आणि मुळात, बुडणारे मूल बहुधा हाक मारतच नाही. चित्रपटात दाखवतात तसे हात हलवणे, ओरडणे सहसा घडत नाही. श्वास घेण्याची धडपड चालू असताना आवाज काढायला श्वास उरत नाही. मूल उभ्याने, निःशब्दपणे, काही क्षणांत पाण्याखाली जाते. आपल्या घोट्याच्या वर आलेले पाणीही, मूल तोंडावर पडले तर, त्याला पुरेसे होते.

झिजलेले गुडघे ओल्या वाळूत वेळेवर वळत नाहीत. रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळे खाली बसून एकदम उठताना चक्कर येते. वाळूत किल्ला करायला बसलेले आजोबा मुलामागे धावण्यासाठी झटकन उठतात, तेव्हा डोळ्यांपुढे अंधारी येते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर साधे पडणेही महागात पडते.

मग आजी-आजोबांनी घरीच थांबायचे का? अजिबात नाही. पहाऱ्याचे काम वाटून घ्यायचे. मी त्या कुटुंबाला जी पद्धत सांगितली, ती अशी:

पहारेकरी एकच, आणि तो धडधाकट असावा. मूल पाण्याजवळ असेपर्यंत त्याने मुलापासून हाताच्या अंतरावर राहावे. हात लांब केला की मुलाला स्पर्श झाला पाहिजे. त्या काळात मोबाइल दुसऱ्याकडे द्यावा, छायाचित्रे दुसऱ्याने काढावीत, भजी नंतर खावीत. मद्य घेतलेल्या माणसाला हे काम देऊ नये. पाळी अर्ध्या तासाची असावी, कारण त्याहून अधिक वेळ एकाग्र लक्ष टिकत नाही. पाळी बदलताना तोंडाने बोलावे, “आता लक्ष माझे,” आणि पुढच्याने तसे म्हटल्याशिवाय आधीच्याने जागा सोडू नये. मुले दोन असतील, तर पहारेकरीही दोन.

आजी-आजोबांकडे घड्याळ आणि शिट्टी. सावलीत, सतरंजीवर किंवा खुर्चीवर बसून अर्धा तास झाला की शिट्टी वाजवायची, पाळी बदलवायची, डोकी मोजायची, मुलाला पाणी प्यायला बोलवायचे. उंचवट्यावर बसलेल्याला सगळा किनारा दिसतो, पाण्यात उभ्या असलेल्याला दिसत नाही. हे नाममात्र काम नव्हे. त्या दिवशी कोणाच्या तरी हाती घड्याळ असते, तर ‘मला वाटले, हे आहेत’ असे म्हणण्याची वेळ आली नसती.

पंचांगातील भरती-ओहोटी

ज्येष्ठ वाचकांसाठी आणखी एक काम आहे, आणि ते घरातील तरुणांना बहुधा जमणार नाही. सहलीचा दिवस ठरवताना दिनदर्शिका हाती घ्या आणि तिथी पाहा. आपल्या कोकण किनाऱ्यावर भरतीचा एक जुना हिशेब आहे. तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी, जो आकडा येईल तितक्या वाजता साधारण पूर्ण भरती असते. प्रतिपदेला एक, द्वितीयेला दोन असे मोजत पौर्णिमा किंवा अमावास्या पंधरा धरावी. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहाच्या सुमारास. पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वाअकराच्या पुढे, दुपारच्या आसपास. दिवसात दोन भरत्या आणि दोन ओहोट्या होतात. भरतीनंतर सुमारे सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी येते, आणि भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटे पुढे सरकते. चंद्र रोज तितकाच उशिरा उगवतो, हे आपण जाणताच.

हा हिशेब मुंबई-अलिबागच्या पट्ट्यासाठी ठोकळ मानाने बरोबर येतो. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडू शकतो, म्हणून पोहोचल्यावर स्थानिक कोळी बांधवांना वेळ विचारावी आणि त्यांचा शब्द अखेरचा मानावा.

आता याचा उपयोग पाहा. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असते. पाणी अधिक चढते, अधिक उतरते आणि ओढही अधिक असते. देशावरून पहाटे निघालेली कुटुंबे अकराच्या सुमारास किनाऱ्यावर पोहोचतात, म्हणजे नेमकी भरती पूर्ण होऊन पाणी परत फिरू लागते तेव्हा. उलट सप्तमी, अष्टमी, नवमी या दिवसांत भांगाची भरती असते आणि पाण्याची चढउतार कमी असते. लहान मूल घेऊन जायचे, तर पौर्णिमेऐवजी अष्टमीच्या आसपासचा रविवार निवडावा. तिथी कोणतीही असो, पाणी उतरू लागल्यावर मुलाला लाटांत नेऊ नये. त्याने ओल्या वाळूवर खेळावे.

ओहोटीत अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर चालत जाता येते. परंतु भरती सुरू झाली की ती वाट पाण्याखाली जाते. परतीची वेळ ठरवल्याशिवाय मूल किंवा वृद्ध माणूस बरोबर घेऊन निघू नये. हरिहरेश्वरला दर्शनासाठी जाणारे ज्येष्ठ पुष्कळ आहेत. तेथील समुद्राकाठची प्रदक्षिणा ओहोटीतच करता येते. ओले खडक निसरडे असतात आणि एखादी मोठी लाट अचानक येते. गुडघ्यांचा त्रास असेल, तर देवाला देवळातूनच नमस्कार करावा, तो पोहोचतो. पावसाळ्यात तर समुद्र फक्त दुरून पाहण्यासाठी आहे, हे लहानथोरांनी पक्के ध्यानात ठेवावे.

निघण्यापूर्वी ज्येष्ठांसाठी

मंचर किंवा नारायणगावहून चाकण, तळेगाव, लोणावळा, खोपोली, पेण करीत अलिबाग गाठायला, थांबे धरून, पाच तास हाताशी ठेवावेत. येऊन-जाऊन दहा तास बसणे आणि मधे काही तास समुद्र. शक्य असेल तर एक रात्र मुक्काम करावा. एका दिवसातच परतायचे असेल, तर गाडी चालवणारे दोघे असावेत आणि चार-साडेचारला किनारा सोडावा. झोप न झालेला चालक आणि अंधारातला घाट हे समुद्राइतकेच धोक्याचे आहेत.

लघवी वाढवणारी गोळी चालू असलेले अनेक जण प्रवासाच्या दिवशी ती गोळीही घेत नाहीत आणि पाणीही पीत नाहीत, कारण वाटेत सोय कुठे मिळेल याची धास्ती असते. हे मी तीस वर्षे ऐकतो आहे, विशेषतः आजींकडून. गोळी मनाने बंद करू नका. तिची वेळ त्या दिवसापुरती पुढे ढकलता येईल का, हे आपल्या डॉक्टरांना आधी विचारा. दर दोन तासांनी थांबण्याचे मुलाने ठरवावे आणि घरात तसे आधीच सांगावे. आईला प्रत्येक वेळी “गाडी थांबव” म्हणायला लावू नये. थांबल्यावर चार पावले चालावे, म्हणजे पायांवर सूज कमी येते आणि रक्त साकळत नाही.

मधुमेह असलेल्यांनी जेवणाची वेळ चुकवू नये. गोळी घेतली आणि जेवण दोन तास लांबले, की साखर एकदम उतरते. घाम, थरथर, धडधड, चिडचिड ही लक्षणे उन्हाची म्हणून सोडून देऊ नयेत. लगेच साखर किंवा गूळ खावा. पिशवीत दशम्या, शेंगदाण्याची चटणी, केळी आणि खिशात साखरेची पुडी असावी. इन्सुलिन उन्हात उभ्या गाडीत ठेवू नये. ते पिशवीत, गार राहील असे, पण बर्फाला थेट न लावता न्यावे.

मधुमेहींसाठी याहून महत्त्वाची सूचना पायांविषयी आहे. अलिबागची वाळू काळसर आहे आणि दुपारी ती तापते. ज्यांच्या पायांच्या संवेदना कमी झाल्या आहेत, त्यांना चटका कळत नाही. नातवाबरोबर अनवाणी फिरून आलेल्या माणसाच्या तळव्यावर संध्याकाळी फोड दिसतात, आणि मधुमेहीच्या पायावरची अशी जखम महिनोन्महिने भरत नाही. शिंपल्याने कापले तरी तेच. म्हणून मागे पट्टा असलेली सँडल पायात असावी, पाण्यातही. घरी परतल्यावर पाय धुऊन, बोटांच्या बेचक्या कोरड्या करून, तळवे दुसऱ्या कोणाकडून तरी पाहून घ्यावेत.

समुद्रकाठी हवेत दमटपणा असतो, त्यामुळे घाम वाळत नाही आणि शरीर थंड होत नाही. जुन्नरच्या कोरड्या हवेत ३५ अंश सोसणाऱ्याला किनाऱ्यावर ३२ अंशांतही थकवा येतो. वाढत्या वयात तहान उशिरा लागते, म्हणून तहानेची वाट न पाहता थोडे थोडे पाणी प्यावे. ज्यांना हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाणी मोजून पिण्यास सांगितले आहे, त्यांनी त्या दिवसाचे प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. दुपारी बारा ते साडेतीन सर्वांनी सावलीत राहावे. मूल असो वा वृद्ध, बंद गाडीत पाच मिनिटेही एकटे ठेवू नये.

घरात स्मृतिभ्रंश झालेले कोणी असेल आणि त्यांनाही नेणार असाल, तर त्यांच्यासाठी वेगळा सोबती नेमा. मुलाचा पहारेकरी तो हा सोबती नव्हे. त्यांच्या खिशात नाव आणि फोन क्रमांक लिहिलेली चिठ्ठी ठेवा. लहान मुलाच्या हातावर पेनाने आईचा क्रमांक लिहा.

लहानग्यांसाठी

घाटात उलटी होणाऱ्या मुलाला निघताना पोटभर दूध पाजू नये, थोडे कोरडे खायला द्यावे. गाडीत मोबाइल दाखवू नये. त्याने मळमळ वाढते. समोर दूरवर पाहायला शिकवावे. उलटीची गोळी मुलांना, विशेषतः दोन वर्षांखालील बाळाला, आपल्या मनाने देऊ नये. तीच गोळी आजोबांनीही सहज म्हणून घेऊ नये. वाढलेल्या प्रोस्टेटमध्ये तिच्यामुळे लघवी अडू शकते आणि काही वृद्धांना भ्रम होतो.

मुलाला भडक रंगाचे कपडे घालावेत, निळे किंवा राखाडी नकोत. गर्दीत आणि पाण्यात ते उठून दिसले पाहिजे. डोक्यावर टोपी, अंगात सैल, पूर्ण बाह्यांचा सुती सदरा. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात जलसंजीवनीचे एक पूर्ण पाकीट मिसळून न्यावे, अर्धे-पाऊण टाकू नये. हवेने फुगवायची रबरी चाके आणि बदके समुद्रात नेऊ नयेत. वाऱ्याने ती मुलासकट आत जातात. जेलीफिश चावल्यास चोळू नये, गोडे पाणी ओतू नये. समुद्राच्याच पाण्याने धुऊन दवाखाना गाठावा.

वेळ आलीच तर

कोणी बुडताना दिसल्यास पोहता येते म्हणून उडी मारू नये. वाचवायला गेलेलाच बुडाल्याच्या घटना आपल्या धरणांवरही घडल्या आहेत. ओरडून माणसे जमवावीत, झाकण घट्ट लावलेला रिकामा प्लास्टिकचा कॅन दोरी बांधून फेकावा, कोणाला तरी १०८ किंवा ११२ वर फोन करायला सांगावे.

बाहेर काढलेल्या मुलाला उलटे धरून फिरवू नये, पोट दाबून पाणी काढत बसू नये. त्यात मोलाची मिनिटे जातात आणि उलटी श्वासनलिकेत जाते. मूल श्वास घेत नसेल, तर त्याला पाठीवर निजवून हनुवटी किंचित वर करावी, नाक दाबून तोंडाने आधी दोन ते पाच श्वास द्यावेत. बाळ असेल, तर त्याचे नाक-तोंड दोन्ही आपल्या तोंडात घ्यावे. हालचाल दिसली नाही, तर छातीच्या मध्यभागी, छाती एकतृतीयांश दबेल असे, मिनिटाला १०० ते १२० च्या गतीने ३० दाब द्यावेत, मग पुन्हा दोन श्वास, आणि मदत येईपर्यंत हे चालू ठेवावे. घरातील एका तरी तरुणाने हे प्रात्यक्षिकासह शिकून घ्यावे. वाचून सगळे येत नाही.

पाण्यातून काढलेले मूल सावरले, तरी खोकला थांबत नसेल, श्वास जलद चालत असेल, मूल पेंगत असेल किंवा उलट्या होत असतील, तर घरी परतण्याचा प्रवास सुरू करू नये. जवळचे रुग्णालय आधी. आमच्या या नातीला मी त्याच दिवशी पाहिले असते, तर तिला काही तास देखरेखीखाली ठेवायला सांगितले असते.

आजोबांचे औषध

आता त्या गृहस्थांविषयी. मी त्यांना झोपेची गोळी दिली नाही. मुलाला आणि सुनेला त्यांच्यासमोर एवढेच म्हणालो की चूक एकट्या बाबांची नाही. त्यांच्या हाती मूल देताना कोणी काही ठरवलेच नव्हते. मुलाने वडिलांचा हात हातात घेतला आणि म्हणाला, “बाबा, मी भजीच्या गाड्यावर होतो. तुम्हाला सांगूनसुद्धा गेलो नव्हतो.” हे वाक्य आठ दिवस त्या घरात कोणी उच्चारले नव्हते.

काळजी घेणाऱ्या वाचकांना मुद्दाम सांगतो. एखादा प्रसंग टळल्यानंतर घरात सगळे गप्प बसतात, आणि त्या शांततेत वृद्ध माणूस सगळा दोष स्वतःकडे घेतो. ‘आता माझ्या हाती मूल देऊ नका’ असे तो म्हणू लागतो, जेवण सोडतो, कोपऱ्यात बसतो. दोन आठवड्यांहून अधिक काळ असे चालले, तर ते वयाचे म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना दाखवा. परंतु त्याआधी घरात बोला. आणि कृपा करून त्यांच्या हातून नातवंड काढून घेऊ नका, काम वाटून द्या.

गेल्या महिन्यात आजोबा रक्तदाब तपासायला आले होते. झोप लागते, जेवण होते. “नात पुन्हा समुद्र समुद्र करते आहे,” म्हणाले. आजींनी दिनदर्शिका काढून तिथी शोधली आहे, अष्टमीचा रविवार धरला आहे आणि भरतीचा हिशेब कागदावर मांडून मुलाच्या हाती दिला आहे. आजोबांनी सदऱ्याच्या खिशातून एक शिट्टी काढून मला दाखवली. मंचरच्या बाजारातून आणली होती.

“वाजते का नीट?” मी विचारले.

त्यांनी दवाखान्यातच ती जोरात वाजवली. बाहेर बसलेले सगळे रुग्ण दचकून उभे राहिले.